मिसेस ए यांचे कर्ज

गेल्या रविवारी भाचीच्या वहीत मी लाल पेनाने एक रेघ मारली. रेघ बरोबर होती. तरी आठवडा झाला, ती डोक्यातून जात नाही.

भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी जेवणं आटोपली की वही घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसते. मी तीस वर्षं एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहिले, घरात माझी पत काय ती तेवढीच. आमचं बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं घर जुनं, लाकडी जिन्याचं. दुपारी खालून रिक्षांचे हॉर्न येतात आणि वर झोपाळ्याच्या कड्या करकरतात. झोपाळ्यावर आई. ती आता पंच्याऐंशीची आहे. कमी ऐकू येतं म्हणते, पण काय ऐकू यायचं आणि काय नाही, हे तीच ठरवते. त्या दिवशी ती मांडीत ताट घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती, वहिनी आत लाडवांसाठी रवा भाजत होती, घरभर तुपाचा वास होता, आणि भाची एका भागीदारी पेढीचं विसर्जन करत होती.

गणित नेहमीच्या साच्यातलं. ए आणि बी दोघं भागीदार, नफा-तोटा निम्मा-निम्मा. ताळेबंदात डावीकडे धनको ४०,०००, मिसेस ए यांचे कर्ज २०,०००, बी यांचे कर्ज १०,०००, मग भांडवल, ए चं ६०,००० आणि बी चं ५०,०००. उजवीकडे रोकड ५,०००, येणी ४५,०००, माल ५०,०००, यंत्रं ८०,०००. दोन्ही बाजू १,८०,०००. आता पेढी बंद होते. येण्यांचे ३८,००० हाती येतात, मालाचे ३६,०००, यंत्रांचे ५२,०००, आणि या सगळ्या उलाढालीला १,००० खर्च. कुणाला काय मिळालं ते काढा. भाचीने मांडणी छान केली होती, रेघाही पट्टीने मारलेल्या. फक्त मिसेस ए यांचं कर्ज तिने बी च्या कर्जाशेजारी वेगळं खातं उघडून ठेवलं होतं, म्हणजे धनकोंना देऊन झालं की मग बघू, अशा बेताने. मी त्यावर रेघ मारली. मालमत्ता विकून बाहेरची देणी भागवतात त्याचं खातं वेगळं असतं, रिअलायझेशन खातं. म्हटलं, "हे इथे नाही यायचं. हे धनकोंबरोबर, रिअलायझेशन खात्यात."

"का? बी चं कर्ज तर वेगळंच दाखवायचं ना?"

"बी भागीदार आहे. मिसेस ए भागीदार नाहीत. त्यांचं कर्ज बाहेरचं."

"बायको बाहेरची?"

"हिशेबात बाहेरची."

आत उलथन्याचा आवाज थांबला. "म्हणजे हिशेबातसुद्धा का!" वहिनी म्हणाली, आणि परत रवा हलवायला लागली. भाची हसली, मीही हसले. आईने मान वर केली नाही.

भाची मात्र सहजी सोडणारी नाही. तिने दोन्ही पद्धतींनी गणित पुरं केलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. "बघ आत्या, तोटा पन्नास हजार. ए ला पस्तीस, बी ला पंचवीस. मिसेस ए ना कुठेही ठेवा, उत्तर तेच येतं. मग एवढं काय?" खरं होतं. परीक्षक मार्क कापतो, हे काही उत्तर नव्हे. वीस वर्षांच्या मुलीला तर नाहीच. मग मी तिचंच गणित घेतलं आणि आकडे पाडले. येण्यांचे ३०,००० आले, मालाचे १६,०००, यंत्रांचे फक्त १५,०००. आता कर. तोटा आला १,१५,०००, म्हणजे प्रत्येकी साडेसत्तावन्न हजार. ए च्या साठ हजारांतले उरले अडीच हजार. बी चं भांडवल साडेसात हजारांनी उणे गेलं, ते त्याच्या कर्जातून वळतं केलं, त्यालाही अडीचच हजार. आणि मिसेस ए? त्यांना वीसच्या वीस हजार. नवऱ्याने अडीच हजार खिशात घातले, बायकोने वीस. पंगतीत जिलबी भरपूर असेल तर आधी कोण बसलं आणि मागून कोण, याला काही अर्थ नसतो. जिलबी कमी पडली की मग कळतं.

"म्हणजे बाहेरची असणं चांगलं," भाची म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. वहीत पुढचं पान काढून दिलं.

रात्री झोप येईना. आमच्या बाबांची पेढीही अशीच बंद झाली होती, १९८७ मध्ये. रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत छापखाना होता, बाबा आणि त्यांचे गुजराती भागीदार, ज्यांना आम्ही मोटाकाका म्हणायचो, या दोघांचा. १९७५ ला सुरू केलेला. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, नंतर मोटरवरचं दुसरं, एक कागद कापायचं यंत्र, आणि भिंतभर खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेस. बडोद्याचा छापखाना म्हणजे सगळं दुप्पट: मराठीसाठी बाळबोध खिळे वेगळे, गुजरातीसाठी बिनरेघेचे वेगळे, इंग्रजीचे आणखी निराळे. शाळा सुटली की मी तिथे जायची. शाई आणि घासलेट यांचा मिळून एक वास असतो, तो आजही कुठे अचानक आला तर मी दप्तर चाचपते. खिळे जुळवणारे जुळारीकाका डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून, केसकडे न बघता, टकटक खिळे उचलायचे. लग्नसराईत गुजराती कंकोत्र्या आणि मराठी पत्रिका, दोन्हींचे ढीग. दिवाळीच्या आधी बिलबुकं. चोपडापूजनाला मोटाकाका लाल बांधणीच्या नव्या चोपडीवर कुंकवाने श्री काढायचे, आणि बाबा बाजूला टोपी नीट करत उभे असायचे, कारण पूजा गुजराती पद्धतीने व्हायची आणि लक्ष्मीपूजन मात्र आमच्या घरी मराठी पद्धतीने. लक्ष्मी दोन्हीकडे बोलावली होती. ती फारशी कुठेच थांबली नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण ऑफसेट छपाई आली. तिकडे गिऱ्हाईक गेलं आणि इकडे खिळे झिजत राहिले. बाबा दरवर्षी नेमाने घसारा लावायचे, उरलेल्या किमतीवर दहा टक्के, आणि वहीत मशीनची एक सभ्य किंमत शिल्लक असायची. ती किंमत फक्त वहीत होती. विकायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या मशीनला वहीतल्या किमतीच्या चौथाईही आलं नाही, आणि खिळे तर किलोवर गेले. शिसं म्हणून. एवढ्या लोकांची नावं, मुहूर्त, 'आपले नम्र', सगळं पोत्यात भरून तराजूवर. भाची घसाऱ्याचं गणित करते तेव्हा तिला वाटतं की घसारा म्हणजे वस्तूची किंमत कमी कमी होत जाते त्याचा हिशेब. मी तिला सांगते की नाही गं, घसारा म्हणजे दिलेले पैसे वापराच्या वर्षांवर वाटून घ्यायची एक रीत. बाजार काय देईल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सांगते, पण पोती आठवतात.

पेढीचं नाव चांगलं होतं, त्याचं काय? इकडच्या गुजराती पुस्तकांत गुडविलला पाघडी म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. मराठी पाठ्यपुस्तकांतली 'ख्याती' त्यामानाने फिकी. पाघडी डोक्यावर असते तोवरच दिसते. विसर्जनाच्या गणितांतही नियम असा की ताळेबंदात पाघडी असेल आणि तिचं काय आलं हे प्रश्नात सांगितलं नसेल, तर काही आलं नाही असंच धरायचं. आणि रिअलायझेशन खात्याला गुजरातीत मालमिलकत निकाल खातं. निकाल म्हणजे त्यांच्याकडे विल्हेवाट. आमच्या घरी त्या वर्षी दोन निकाल लागले, माझा बारावीचा आणि छापखान्याचा.

भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ४८ मध्ये ही रांग अगदी कोरडेपणाने लिहिली आहे: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाखेरीज दिलेली रक्कम, मग भांडवल, आणि काही उरलं तर वाटून घ्या. बाबांनी आणि मोटाकाकांनी कायदा वाचला असेल असं वाटत नाही, पण वागले त्याप्रमाणेच. कागदवाला, शाईवाला, जुळारीकाकांचा थकलेला पगार. सगळ्यांचं देऊन झाल्यावर बाबा एक कापडी पिशवी घेऊन घरी आले. त्यात त्यांची स्टिक होती, आणि वह्या. दोघांत भांडण झालं नाही. मोटाकाका पुढेही दर बेसत्या वर्षाला, गुजराती नववर्षाला, मिठाई घेऊन यायचे आणि बाबांच्या शेजारी गप्प बसून परत जायचे.

आता मूळ गोष्ट. छापखान्यात आईच्या पाटल्या होत्या.

हे आम्हा भावंडांना कुणी बसवून सांगितलं नव्हतं, पण घरात माहीत होतं, जसं घरात माहीत असतं. १९७५ ला पहिलं मशीन घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा आईच्या माहेरच्या पाटल्या मांडवीजवळच्या एका सराफाकडे मोडल्या. माझ्या आठवणीत तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्याच आहेत, आणि भांडी घासताना होणारा त्यांचा किणकिणाट. बाबा गेल्यावर ट्रंक आवरताना मला पहिल्या वर्षाची वही सापडली होती. बाबा देशी नामा पद्धतीने लिहायचे, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, इंग्रजी पद्धतीच्या बरोबर उलट. कामावर लागल्यावर पहिले काही महिने माझा हात त्यामुळेच चुकायचा. त्या वहीत पहिल्याच पानावर, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात, त्यांच्या स्वतःच्या भांडवल खात्यावर २,२०० रुपये जमा होते. पुढे तपशिलात दोनच शब्द, 'घरून आणले'.

घरून. कुणाकडून ते नाही.

तेव्हा ट्रंकेशी बसून मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवराबायकोत कसलं कर्ज आणि कसलं काय. पण त्या रविवारी रात्री मी कागद घेतला. समजा ते आईचं कर्ज म्हणून लिहिलं असतं, तर आई कलम ४८ च्या रांगेत कागदवाल्याच्या शेजारी उभी राहिली असती, बाबा आणि मोटाकाका यांच्या कितीतरी पुढे. आणि ते काही कायद्याचं लाड करणं नव्हतं. पाटल्या स्त्रीधन होत्या; सासरी आणल्या म्हणून त्या दोघांच्या मालकीच्या होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. भागीदाराने भांडवलावर जादा पैसे घातले तर करारात काही नसलं तरी ६ टक्के व्याज कायद्यातच आहे. मी तेही करून पाहिलं, बारा वर्षांचं सरळव्याज १,५८४ रुपये. मग लक्षात आलं की हे आईला लागूच होत नाही, ती भागीदार नव्हती. धनको म्हणूनही तिचं नाव नव्हतं. ती घरची होती. तिचे पैसे बाबांच्या भांडवलात गेले, म्हणजे रांगेच्या अगदी शेवटी, जिथे जिलबी पोचलीच नाही. मी बाबांना दोष देत नाहीये. 'बायकोचं कर्ज' असं लिहायचं म्हणजे त्यांना अपमान वाटला असता. आणि खरं सांगायचं तर तो तिचाही झाला असता, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी, म्हणजे काल, भाचीने दुसऱ्या विषयाचं पुस्तक आणलं. भांडवलाचा सरासरी खर्च. कंपनीचं कर्ज १० टक्क्यांचं, कर २५ टक्के, म्हणजे व्याजावरचा कर वाचून कर्ज पडलं साडेसात टक्क्यांना. भागधारकांचा अपेक्षित परतावा काढायचा: बिनजोखमीचा दर ७, बीटा, म्हणजे बाजाराच्या मानाने शेअरचा चढउतार, १.२, बाजाराचा जोखीम-अधिमूल्य दर, म्हणजे जोखमीबद्दलचा जादा परतावा, ६, उत्तर १४.२ टक्के. भागभांडवल साठ टक्के, कर्ज चाळीस टक्के, ८.५२ अधिक ३, एकूण ११.५२. तिने पटापट केलं आणि मग नेहमीप्रमाणे विचारलं, की भागधारकांना एवढं जास्त का? मी म्हटलं, कारण ते शेवटी उभे असतात. कंपनी बुडाली तर दिवाळखोरी संहितेत, २०१६ ची ती, आधी त्या प्रक्रियेचाच खर्च, मग कामगारांचं दोन वर्षांचं वेतन आणि तारणवाले धनको बरोबरीने, मग बाकीचे पगार, बिनतारणवाले, सरकार, आणि अगदी तळाला साधे भागधारक. शेवटी उभं राहायचं त्याची ही किंमत. ते फुकट थांबत नाहीत. हे बोलता बोलता माझी नजर झोपाळ्याकडे गेली. आई शेंगा सोलत होती. तुरीचा हंगाम असला की आमच्याकडे दर रविवारी तेच.

मला राहवलं नाही. "आई, तुझ्या पाटल्या छापखान्यात गेल्या, त्या कधी परत आल्या का गं?"

मला वाटलं, ऐकू येणार नाही. पण तिने हातातली शेंग नीट सोलून दाणे ताटात टाकले, आणि म्हणाली, "आले की पैसे. न यायला काय झालं."

"कुणी दिले? वहीत तर कुठे नाही."

"वहीत कसं असेल? मी घेतले. हे महिन्याच्या महिन्याला घरखर्चाचे मोजून द्यायचे. त्यातून दहा, कधी वीस, आधी बाजूला काढायचे, मग किराणा. दिवाळीच्या महिन्यात जमायचं नाही. मग भिशी लावली समोरच्या बायकांत."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही. एकदा म्हणाले, वरण हल्ली पातळ असतं. मी म्हटलं, डाळ महागली."

भाची उठून तिच्याजवळ झोपाळ्यावर जाऊन बसली. "मग आजी, त्या पैशांचं काय केलंस?"

आई आत बघून हसली. वहिनी लाडवांची ताटली घेऊन बाहेर येत होती. "हिच्या लग्नात हिला काय घातलं असं वाटतं तुम्हाला?" वहिनी दारातच थांबली आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. चोवीस वर्षं त्या पाटल्या तिच्या हातात आहेत. थोड्या पातळ आहेत, हे तिने लग्नानंतर एकदा मला हळूच सांगितलं होतं, आणि मी त्या काळाला, सोन्याच्या भावाला, कुणाकुणाला दोष देऊन वेळ मारून नेली होती.

भाचीला मात्र भलताच आनंद झाला. "आत्या, म्हणजे आजोबांच्या वहीत चूक आहे! घरखर्चाची उचल म्हणून जे लिहिलंय त्यातलं काही उचल नाहीच. ती कर्जफेड आहे." तिने वहीचं कोरं पान काढलं आणि चूक-दुरुस्तीच्या नोंदी लिहायला घेतल्या. आजोबांचं भांडवल खातं नावे, आजीचं कर्ज खातं जमा. खाली दुसरी: आजीचं कर्ज खातं नावे, आजोबांची उचल जमा. मग जरा थांबून म्हणाली, "खरं तर या दोन्ही मिळून एकच नोंद होईल. आजीचं खातं मधून कटून जातं."

"नको," मी म्हटलं. "दोन कर."

तिने दोन्ही ठेवल्या, खाली पट्टीने रेघ मारली, तपशील लिहिला. रकमेच्या रकान्याशी पेन अडलं. "आजी, एकूण किती काढलेस गं?"

झोपाळा करकरला. आईने ताटातले दाणे हाताने सारखे केले, टरफलं पदरातून पेपरवर झटकली, आणि दुसरी मूठभर शेंगा घेतल्या. भाचीने दोनदा, जरा मोठ्याने विचारलं. तिला ऐकू आलं नाही.